दोन हात आणि एक अवघड वाक्य

शनिवारी दुपारी वर्ग भरतो तेव्हा सामान तेवढंच असतं: चार प्लास्टिकचे बाहुले, ते पुसायला स्पिरिटचा कापूस, थोड्या चिठ्ठ्या आणि एक लाकडी स्टूल. मुलं तेरा ते सतरा वयाची. काहींना घरच्यांनी पाठवलेलं असतं, काही मैत्रिणीच्या सोबतीनं आलेल्या असतात, आणि एखादाच डॉक्टर व्हायचं ठरवून आलेला असतो. नीट बसायच्या आत पहिला प्रश्न येतो. इतक्या वर्षांत तो बदललेला नाही.

“मॅडम, मला रक्त बघवत नाही. मग इमर्जन्सीत काम करता येईल का?”

येईल, असं मी सांगते. रक्ताची सवय काही महिन्यांत होते. ज्याची सवय होत नाही, आणि होऊही नये, ते वेगळंच असतं. त्याबद्दल पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही.

मी इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. शाळकरी मुलांना या कामाची ओळख करून द्यायचं मनावर घेतलं तेव्हा मीही आधी थरारच दाखवायचे. सायरन, धावपळ, छातीला दिलेला शॉक आणि पुन्हा उड्या मारू लागलेली मॉनिटरवरची रेघ. मुलं टाळ्या वाजवायची. मग एकदा एका पंधरा वर्षांच्या मुलीनं दप्तर खांद्याला लावता लावता विचारलं, “रोज असंच असतं?” मला हो म्हणता येईना. त्या रात्री ड्युटीवर मी नुसती मोजत बसले की आज आपण नक्की काय काय केलं. धावलो एकदाच. बाकी सगळा वेळ ऐकलं, तपासलं, लिहिलं, फोन केले, वाट पाहिली, ठरवलं, ठरवलेलं बदललं आणि लोकांना सांगितलं. दुसऱ्या शनिवारपासून मी वर्ग नव्यानं मांडला.

आता सुरुवात बाहुल्याच्या चेहऱ्यापासून होते. मुलं त्याच्यावर वाकतात तेव्हा मी त्यांना थांबवून तो चेहरा नीट बघायला लावते. मिटलेले डोळे, ओठांवर पुसट हसू, मधे भांग पाडून मागे घेतलेले केस. पॅरिसच्या सेन नदीत एकोणिसाव्या शतकात एका अनोळखी मुलीचा मृतदेह सापडला आणि तिच्या चेहऱ्याचा साचा कुणीतरी घेतला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट किती खरी, यावर वाद आहेत. साचा मात्र खरा आणि त्याच्या प्रती पुढे युरोपातल्या अनेक घरांत भिंतींवर टांगलेल्या असत. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांच्याकडे तोंडातून श्वास देण्याचा सराव करण्यासाठी बाहुला बनवायचं काम आलं, तेव्हा त्यांनी हाच चेहरा निवडला. पाण्यात बुडता बुडता वाचलेल्या स्वतःच्या लहानग्या मुलाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. 1960 साली तो बाहुला आला. तेव्हापासून जगभरातल्या असंख्य माणसांनी त्या मुलीला वाचवायचा सराव केला आहे. हे सांगितल्यावर वर्गातली खुसखुस थांबते, आणि मला ती थांबायलाच हवी असते. प्लास्टिकला हात लावतानासुद्धा समोर माणूस आहे ही जाणीव व्हावी, एवढ्यासाठीच ही गोष्ट.

त्याच 1960 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या तिघांनी एक शोधनिबंध छापला. छाती न उघडता, बाहेरूनच दाबून, बंद पडलेल्या हृदयातून रक्त पुढे ढकलता येतं, असं त्यात होतं. तिघांपैकी विल्यम कौवेनहोवेन विजेचे इंजिनियर होते, आणि गाय निकरबॉकर हा त्यांच्याच हाताखाली शिकणारा इंजिनियर. कुत्र्यांवरच्या प्रयोगात शॉक देण्याचे जड पॅड छातीवर दाबले की शॉक द्यायच्या आधीच रक्तदाब थोडा वर सरकतो, हे निकरबॉकरच्या नजरेला पडलं. तिसरे जेम्स ज्यूड तेवढे सर्जन. हे आता कुणालाही, कुठेही करता येईल, त्याला लागतात फक्त दोन हात, असं त्यांनी त्या निबंधात लिहून ठेवलं. ज्या मुलांना गणित आवडतं, यंत्रं आवडतात आणि ‘डॉक्टरकी आपली नाही’ असं ज्यांनी ठरवून टाकलेलं असतं, त्यांच्याकडे बघून मी हा भाग जरा सावकाश सांगते.

मग दोन हातांचं काम. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुरेसा दाब पडला की आमचे बाहुले ‘टक्’ असा आवाज करतात.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, अंगानं अगदी किरकोळ. बाहुला टेबलावर होता, कारण इस्पितळात पेशंट ट्रॉलीवर असतो, जमिनीवर नाही. ती दाबत होती आणि आवाज येत नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, मनगटं थरथरत होती, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “तिला नाही जमणार.” मी स्टूल पायानं सरकवून तिच्याजवळ आणलं. “चढ. आता खांदे हातांच्या बरोबर वर आण. हातांनी दाबू नकोस, कमरेतून वाक आणि अंगाचा भार सोड.” तिसऱ्या दाबाला टक् झालं. मग टक्, टक्, टक्. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती मोजत होती. आमच्या विभागात हाताशी असं स्टूल कायम ठेवलेलं असतं. मी स्वतः बुटकी आहे, इतकी वर्षं त्यावर चढूनच काम करते आहे. हे मी तेव्हा मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

याच वेळी आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, आणि ती दाबण्याहून अवघड जाते. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. थकलेले हात खोल जात नाहीत आणि थकलेल्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून “मी थकले, बदला” हे मोठ्यानं म्हणायचं. मुलींपैकी काही जणी म्हणतात. मुलगे सहसा म्हणत नाहीत. घामाघूम होतात, चेहरा लाल होतो, बाहुल्याचा टक् बंद पडतो, तरी दाबतच राहतात. मी त्यांना थांबवून विचारते, आता हे कुणासाठी चाललं आहे? हा प्रश्न मुलांना लागतो, पण तो लागलेला बरा. आमच्याकडे एकट्यानं वीर होणाऱ्या माणसाची भीती वाटते. ‘मला जमत नाहीये’ हे वेळेवर सांगणाऱ्याबरोबर मी कुठलीही रात्र काढायला तयार आहे.

वयाबद्दल पालक शंका काढतात की इतक्या लहानपणी हे कशाला. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेनं ज्या आवाहनाला पाठिंबा दिला, त्यात बाराव्या वर्षापासून प्रत्येक शाळेत वर्षातून दोन तास हे शिकवावं असं म्हटलं आहे. दोनच तास. त्यातलं कुणी पुढे डॉक्टर होवो न होवो, घरात कुणी कोसळलं तर त्या घरात शिकलेले दोन हात असतील.

त्यानंतर चिठ्ठ्या काढते. माझ्या मते वर्गाचा खरा गाभा हाच, म्हणून यावर मी घड्याळ बघत नाही. पाच चिठ्ठ्या, पाच पेशंट, सगळे एकाच वेळी दारात. सायकलवरून पडलेला मुलगा, कपाळातून रक्त वाहतंय आणि तो भोकाड पसरून रडतोय. हात मोडलेला तरुण, ओरडून सगळ्यांना हैराण करतोय. पाय मुरगळलेला एक मोठा साहेब, त्याच्यासाठी वरून फोन आलेला. आईच्या खांद्यावर तापलेलं तान्हं बाळ, सकाळपासून अंगावर प्यायलेलं नाही, आता रडतही नाही. आणि मागच्या खुर्चीवर पन्नाशीची बाई, जबडा दुखतोय, घाम आलाय, “पित्त असेल, आधी त्या लेकराला बघा” म्हणतेय.

“पहिलं कुणाला आत घ्याल?”

जवळजवळ प्रत्येक वेळी मुलं कपाळातल्या रक्तावर बोट ठेवतात. मी काही बोलत नाही. वाद होऊ देते. कुणीतरी म्हणतं, ओरडणाऱ्याला खूप दुखत असणार. कुणीतरी हळूच म्हणतं, साहेबाला थांबवलं तर तो चिडेल. मग कधीतरी एखादी मुलगी चिठ्ठी पुन्हा वाचते आणि विचारते, “बाळ रडत का नाहीये?”

तो क्षण आला की मला आत कुठेतरी फार बरं वाटतं. जो जोरात रडतोय त्याचा श्वास मोकळा आहे, त्याच्या मेंदूला रक्त पोचतंय. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड दाबून धरायला माणूस बसवता येतो. निपचित बाळ आणि घाम फुटलेली ती बाई, ही दोघं आधी आत. ती बाई आल्यापासून दहा मिनिटांत तिचा ईसीजी निघाला पाहिजे, कारण हृदयविकाराचा झटका दर वेळी छातीवर हात ठेवूनच येतो असं नाही. जबडा, पाठ, पोट, नुसती मळमळ, असा कुठूनही तो बोलतो. आणि जी माणसं स्वतःच्या दुखण्याला ‘काही नाही, पित्त असेल’ म्हणतात, त्यांच्याकडे आम्ही दोनदा बघायला शिकलो आहोत.

याला ट्रायाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणं, वेगवेगळं करणं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन दोमिनिक लॅरे यानं रणांगणावरून जखमींना लगेच उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्या आणल्या, 1792 च्या सुमाराची ही कल्पना. त्याचा नियम असा होता की जखम किती गंभीर आहे ते बघायचं, हुद्दा बघायचा नाही. दोनशेहून जास्त वर्षं उलटली, तरी त्या साहेबाच्या चिठ्ठीपाशी वर्ग अजून अडखळतो. अडखळू देते. पुढे यातलं कुणी खरोखर ट्रायाजच्या टेबलाशी बसलं, तर वरून आलेला फोन त्यांनाही घ्यावा लागेल.

“पण माझी निवड चुकली तर?” हेही दर वेळी कुणीतरी विचारतंच. चुकते. म्हणून एकदा ठरवून हात झटकायचे नसतात. पुन्हा फेरी मारायची, पुन्हा बघायचं. मघाशी ओरडणारा तरुण आता गप्प झालाय का? गप्प झाला असेल तर का? अर्धवट माहितीवर ठरवणं आणि ठरवलेलं बदलायला लाज न वाटणं, हे दोन्ही एकाच माणसाला जमावं लागतं. परीक्षेत पहिलं येणाऱ्या मुलांना याचा दुसरा भाग जड जातो, असं मी पाहिलं आहे.

पालक आणि शिक्षक मला नेहमी सांगतात, मुलांना एकदा प्रत्यक्ष काम चालू असताना आत नेऊन दाखवा. मी नेत नाही. कुणाच्या तरी आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस दुसऱ्याच्या सहलीचा भाग होऊ नये, असं मला वाटतं आणि यात मी तडजोड करत नाही. त्याऐवजी एक रिकामी ट्रॉली घेते. प्रत्येकाला तिच्यावर आडवं व्हायला सांगते, बाकीचे ढकलतात. छतावरचे दिवे एकामागून एक डोळ्यांवरून सरकतात. कोपऱ्यावर वळताना पोटात गोळा येतो. वरून चारपाच चेहरे वाकतात, उलटे दिसतात, आणि एकमेकांशी बोलतात: “बीपी घे”, “हात धर”, “याला तिकडे घ्या”. उठल्यावर एक मुलगा म्हणाला होता, “सगळे माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी कुणीच नाही.” मी डॉक्टर झाल्यावर हे समजायला मला बरीच वर्षं लागली होती. त्याला चार मिनिटं लागली.

मार्क किती लागतात, हा प्रश्न पालकांचा. त्याचं उत्तर मी देते. डॉक्टर व्हायचं तर आधी वैद्यकीय पदवी, मग या विषयातलं आणखी काही वर्षांचं प्रशिक्षण, म्हणजे तिशी जवळ येते. रात्रपाळ्या असतात. घरातल्या समारंभांना रिकामी खुर्ची आपली असते. झोपेचं गणित कायमचं बिघडतं आणि संतापलेल्या नातेवाइकांसमोर उभं राहावं लागतं. यातलं काहीही मी मऊ करून सांगत नाही. पण या कामात येणारा प्रत्येक जण डॉक्टरच असला पाहिजे हेही खरं नाही. ट्रायाज बहुतेक ठिकाणी परिचारिका करतात. रुग्णवाहिकेत पॅरामेडिक असतात. आणि फोनच्या पलीकडे, कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस घाबरलेल्या मुलाला “बेटा, हात छातीच्या मधे ठेव, माझ्याबरोबर मोज” असं सांगून त्याच्याकडून वडिलांची छाती दाबून घेतो. त्यानं पेशंटला कधी पाहिलेलंही नसतं.

आणि मग मी पिट्सबर्गची हकीकत सांगते. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या या शहरात आजारी माणसाला इस्पितळात न्यायला पोलिसांची गाडी येई. मागे टाकायचं आणि निघायचं. वाटेत उपचार असे नाहीतच. पीटर साफार नावाचे भूलतज्ज्ञ तिथे होते, श्वास देण्याच्या आणि हृदय पुन्हा सुरू करण्याच्या पद्धती ज्यांनी घडवल्या त्यांच्यातले एक. 1966 साली त्यांची स्वतःची मुलगी दम्याच्या झटक्यानं गेली. पुढच्याच वर्षी फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तिच्यासाठी निवडली ती शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतली कृष्णवर्णीय तरुण मुलं, ज्यांना कुणी नोकरीला ठेवत नव्हतं. काहींची शाळासुद्धा पुरी झालेली नव्हती. त्यांना साफारांनी सुमारे तीनशे तासांचं शिक्षण दिलं: शरीररचना, श्वासमार्ग, हृदय, आणि गाडी नीट चालवणंही. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या, स्वतः त्यांच्याबरोबर गाडीतून फिरल्या, आणि देशभरच्या पॅरामेडिकांच्या अभ्यासक्रमाचा पाया या कामातून घातला गेला. 1975 साली शहरानं स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद झालं. त्या मुलांपैकी बऱ्याच जणांना नव्या सेवेत धड जागा मिळाली नाही. हा शेवट मी वगळत नाही. मुलांना राग येतो, आणि तो रास्त आहे.

इमर्जन्सीच्या या वैद्यकीय शाखेचंच वय तरी किती? या विषयाचं अमेरिकेतलं पहिलं पदव्युत्तर प्रशिक्षण सिनसिनाटी विद्यापीठात 1970 साली सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी एक होता, ब्रूस जेनियाक. स्वतंत्र शाखा म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली ती 1979 साली. त्याआधी कॅज्युअल्टीत ज्याची पाळी असेल तो डॉक्टर. म्हणजे हे घर अजून बांधून पुरं झालेलं नाही. नव्या मुलांना तिथे भिंती उभारायच्या आहेत.

गेल्या महिन्यातल्या वर्गात एक सोळा वर्षांचा मुलगा होता. सबंध दुपार गप्प. दाबायला सांगितलं तेव्हा नीट दाबलं, चिठ्ठ्यांच्या वादात पडला नाही. शेवटी शंका विचारा म्हटल्यावर त्यानं खाली बघतच विचारलं, “आणि नाही वाचला तर?”

ज्या प्रश्नाची मी पहिल्या दिवसापासून वाट बघत असते, तो हा. बहुतेक ठिकाणी इस्पितळाबाहेर हृदय बंद पडलेल्या दहा माणसांतला जेमतेम एक वाचून घरी जातो. उरलेल्या नऊ जणांच्या घरच्यांना कुणीतरी जाऊन सांगावं लागतं.

मी त्यांना माझी चूक सांगितली. मी नवीन होते, रात्र होती, आणि एका बाईंच्या नवऱ्याला आम्ही परत आणू शकलो नव्हतो. बाहेर जाऊन मी अगदी हळू आवाजात म्हणाले, “काकू, ते गेले.” त्या पटकन उठल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, “कुठल्या वॉर्डात?”

आपल्या भाषेत मरणाला किती शब्द आहेत. गेले, वारले, निवर्तले, देवाघरी गेले, राहिले नाहीत. सगळे मायेनं घडवलेले, टोचू नये म्हणून कापसात गुंडाळलेले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ते उपयोगी पडतात. पण त्या पहिल्या मिनिटाला ऐकणाऱ्याचं मन कुठल्याही फटीतून निसटायला बघत असतं, आणि ‘गेले’ ही भलीमोठी फट आहे. मला तेच वाक्य त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं, हातात पिशवी घेऊन निघालेल्या बाईला. ती पिशवी मला अजून दिसते. त्यात त्यांनी नवऱ्यासाठी घरून आणलेली चादर होती.

म्हणून आम्ही आता असं करतो, असं मी वर्गाला सांगितलं. आधी स्वतः बसायचं, त्यांना बसवायचं. आपलं नाव सांगायचं, पेशंटचं नाव घ्यायचं, म्हणजे माणसाची गल्लत होणार नाही. एका वाक्यात सांगायचं की बातमी वाईट आहे. मग ‘मृत्यू झाला आहे’ हेच शब्द वापरायचे. आणि त्यानंतर गप्प बसायचं. समजूत घालायची नाही, कारणं द्यायची नाहीत, घड्याळाकडे बघायचं नाही. ते बोलतील तेव्हा बोलायचं.

मुलं पांगली. तो मागे राहिला, कापूस घेऊन बाहुल्यांचे चेहरे पुसायला लागला. कपाळ, मिटलेल्या पापण्या, ओठांच्या कडा. चौथा बाहुला पेटीत ठेवल्यावर म्हणाला, “मॅडम, ते वाक्य मी एकदा म्हणून बघू?”

मी खुर्ची ओढून बसले. तो समोरच्या खुर्चीत बसला, मग उठला, खुर्ची थोडी जवळ घेतली आणि पुन्हा बसला. आपलं नाव सांगितलं. वाईट बातमी आहे म्हणाला. आवाज फुटत होता, त्या वयात फुटतो तसा.

“तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला आहे.”

आणि मग तो गप्प राहिला. हात मांडीवर, नजर माझ्याकडे. बाहेर कुणीतरी त्याला हाक मारत होतं, तरी तो हलला नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, पंधरापर्यंत आले, वीसपर्यंत आले, आणि तो अजून तसाच बसलेला होता.